खाली सही वसुमतीबाईंची

१९९९ साली महादेवपुऱ्यातला धरित्री ट्रॅक्टर्सचा कारखाना बंद पडला, तेव्हा पेपरवाल्यांनी कारणं छापली. पाऊस नाही, बाहेरच्या कंपन्या आल्या, बँकांचं व्याज वाढलं. एकाने तर गिऱ्हाइकाची आवड बदलली असं लिहिलं, जणू ट्रॅक्टर म्हणजे साडीचा काठ. कॉटनपेटेतल्या आपल्या घरात वसुमतीबाईंनी तो पेपर पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचला, घडी घातली आणि बहिणीकडे दिला.

"डब्यांच्या फळीवर घाल," त्या म्हणाल्या. "तेवढ्याच कामाचा आहे."

तुंगाबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "तुला ठाऊक असेल ना खरं कारण? तीस वर्षं होतीस तिथं."

"आहे ना. त्याच्याखाली माझी सही आहे."

हे काही कोड्यात बोलणं नव्हतं. सही खरोखरच होती.

वसुमतीबाईंचं घराणं बेंगळुरूत इतक्या पिढ्या मुरलेलं, की मूळ गाव कुठलं असं विचारलं तर त्या कॉटनपेटेच्या चौकाकडे बोट दाखवायच्या. घरात मराठी, पण आमटीला सारू म्हणायचं आणि होकाराला सरी. वडील शिंपी. मुलगी मॅट्रिक झाली, कन्नड टायपिंग शिकली आणि १९६६ साली धरित्रीच्या पत्रव्यवहार खात्यात चिकटली. तिथला एकुलता एक कन्नड टाइपरायटर पहिल्याच वर्षी दुरुस्तीला गेला, तो गेलाच. शेतकऱ्यांची पत्रं काही थांबेनात. मग वसुमतीबाई हातानं उत्तरं लिहायला लागल्या. टाइपरायटर परत आला तोवर खेड्यापाड्यांतून पत्रं अशी यायला लागली होती: "मागच्या वेळी ज्यांनी लिहिलं त्यांनीच लिहावं. यंत्रानं छापलेलं पाठवू नये."

आणि ती पत्रं काय असायची! चिंतामणीच्या पुढं गुंडहळ्ळी नावाचं गाव आहे, तिथल्या शिवाप्पाचं १९७१ सालचं पहिलं पत्र वसुमतीबाईंना पाठ होतं. "अक्का, तुमच्या कारखान्यात माणसं आहेत की म्हशी? क्लच दाबून दाबून माझा डावा पाय उजव्यापेक्षा जाड झाला. आता लुंगी वाकडी बसते." बाईंनी उलट टपाली लिहिलं, "अण्णा, म्हशी नाहीत. म्हैस हाक मारल्यावर वळून तरी बघते. माणसंच आहेत, म्हणून उशीर झाला." आणि खाली क्लच कसा सैल करायचा त्याचं चित्र.

चित्र त्यांच्या डोक्यातून यायचं नाही. पत्र घेऊन त्या कारखान्यातून चालत चाचणीच्या शेडमध्ये जायच्या. तिथं सुब्बाराव. हाही पेटेतलाच मराठी माणूस, ट्रॅक्टरच्या पोटात कान घालून बसलेला. बाई पत्र वाचून दाखवायच्या, सुब्बाराव मान हलवायचा आणि एखाद्या धुळकट बॉनेटवर बोटानं चित्र काढायचा. "हा नट. अर्धा आटा. जास्त पिळला तर मला शिव्या, कमी पिळला तर तुम्हाला." बाई ते चित्र कागदावर उतरवून घ्यायच्या. चूक कंपनीची असली तर कंपनीची म्हणून लिहायच्या. वापरणाऱ्याची असली तर त्याची म्हणून, पण अशी की त्याच्या बायकोसमोर वाचून दाखवलं तरी त्याला लाज वाटू नये.

शेवटी सही. कन्नडमध्ये नुसतं "वसुमती", आणि अखेरच्या अक्षराची शेपटी मागं वळून सगळ्या नावाखालून जायची, टोकाला एक गिरकी. शेतात नांगर बांधाशी वळतो तशी. त्या सहीला वजन आलं. तालुक्याचा दुकानदार पार्ट द्यायला कुरकुरला, तर शेतकरी पत्र पुढं करायचा. दुकानदार मजकूर वाचायचा नाही. गिरकी बघायचा आणि कपाट उघडायचा.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, गावोगाव ट्रॅक्टर धुऊन पुसून पूजले जायचे. कधीतरी कुणीतरी त्या पूजेतलं चिमूटभर कुंकू पुडीत बांधून अक्कांना पाठवलं. बाईंनी ते पुढच्या वर्षी कारखान्यातून त्या दिवशी निघणाऱ्या पहिल्या ट्रॅक्टरला लावलं आणि तसं कळवलं. झालं. दरवर्षी पुड्यांचं पोतं यायला लागलं. हळद, कुंकू, सुकलेला झेंडू. आयुधपूजेच्या सकाळी सगळा कारखाना गोळा व्हायचा, बाई पोतं उघडायच्या आणि पहिल्या ट्रॅक्टरच्या कपाळावर पन्नास गावांचं कुंकू चढायचं. शिवाप्पाची पुडी केळीच्या सोपाने, म्हणजे वाळलेल्या सालीच्या दोरीने, बांधलेली असायची, त्यामुळे ती लगेच ओळखू यायची. तोवर त्याने दुसरा धरित्री घेतला होता. मग तिसरा. त्याचा बघून गावात तेरा झाले.

तिसरा १९९४ सालचा, नव्या मॉडेलचा; गावातले तेराही त्याच मॉडेलचे. आणि त्याच वर्षी पुण्याहून अजित आला, पत्रव्यवहार खात्याचा नवा साहेब.

अजित वाईट माणूस नव्हता. हे बाई शेवटपर्यंत म्हणत आल्या, आणि म्हणूनच जास्त झोंबायचं. तिशीचा, गोरागोमटा, जे. पी. नगरात भाड्यानं राहणारा. मराठी बोलणारी बाई ऑफिसात सापडली म्हणून त्याला केवढा आनंद. "मॅडम, तुमचं मराठी किती क्यूट आहे," असं त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं. पंचावन्न ओलांडलेल्या बाईंनी ते शब्द घरी नेऊन तुंगाबाईंना ऐकवले आणि दोघी बराच वेळ हसल्या.

नव्या मॉडेलमध्ये एक गोष्ट बदलली होती. ट्रॅक्टरच्या मागं नांगर वरखाली करणारी लिफ्ट असते. तिच्यात अंगठ्याएवढं पितळी बुश बसायचं. त्याच्या जागी आता फायबरचं आलं. सुब्बारावनं ते हातात घेऊन नखानं ओरखडलं होतं आणि वरिष्ठांना लिहून दिलं होतं, की तेल तापलं की हे मऊ पडेल. पडलंच. शेतकरी बांधाशी वळायला नांगर उचलायचा आणि उचललेला नांगर आपोआप खाली बसायचा. कुणाचा बांध फुटला, कुणाची पाण्याची पाइपलाइन. पत्रांचा ढीग लागला. महिन्याला तीनशे. बाईंचं मनगट सुजलं.

तेव्हा अजित त्यांच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसला. आवाजात खरी काळजी.

"मॅडम, एका पत्राला तुम्ही अर्धा दिवस घेता. तोवर तो बिचारा शेतकरी वाट बघत बसतो. मी काय म्हणतो, तुमच्या सहीचा शिक्का करू. मजकूर छापून घेऊ. आठ दिवसांत प्रत्येकाच्या हातात तुमचं कार्ड."

"प्रत्येकाच्या?"

"प्रत्येकाच्या. ते काय माझं नाव ओळखतात? तुम्हालाच ओळखतात."

बाईंना मान चढला. दुसरं काय म्हणायचं त्याला? तीस वर्षांत कंपनीनं त्यांना भिंतीवरचं घड्याळसुद्धा दिलं नव्हतं, आणि हा पोरगा म्हणत होता, तुमचं नाव छापू. त्यांनी कोऱ्या कागदावर पाच सह्या केल्या. चौथीची गिरकी सगळ्यांत छान आली होती, ती त्यांनी स्वतः निवडली, वर बोट ठेवून सांगितलं, "ही घ्या." मजकूर काय असेल, हे विचारलं नाही. उत्तर म्हणजे उत्तर. आपलं उत्तर दुसरं कसं असेल, असं त्यांना वाटलं असावं.

पत्रं आता थेट अजितच्या माणसांकडे जायला लागली. बाईंच्या टेबलावर शुकशुकाट. मनगटाची सूज उतरली.

१९९६च्या जूनमध्ये शिवाप्पाचं पत्र चुकून त्यांच्याच हाती आलं. कारण पाकिटावर कंपनीचं नाव नव्हतं, त्यांचं होतं. आत चार ओळी. "तुमचं कार्ड मिळालं. वापरण्याच्या पद्धतीत दोष आहे असं समजलं. पंचवीस वर्षं चुकीचं वापरत होतो, ते आता कळवल्याबद्दल आभारी आहे." अक्का नाही, म्हैस नाही, लुंगी नाही. सोबत ते कार्ड. बाईंनी ते पहिल्यांदा बघितलं. आपली तक्रार मिळाली. तपासणीअंती दोष यंत्रात नसून वापरण्याच्या पद्धतीत असल्याचे आढळले. कृपया पुस्तिका वाचावी. खाली जांभळ्या शाईत चौथ्या नंबरची गिरकी.

बाई कार्ड घेऊन अजितच्या केबिनमध्ये गेल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"तपासणी कुणी केली, साहेब?"

अजितनं दार लावलं. नवीन बुश जानेवारीपासून बसणार होतं, त्यानं समजावलं. पण आधीच्या चौदाशे गाड्यांत दोष आहे असं एका जरी कार्डावर लिहिलं, तर चौदाशे गाड्या परत दारात. वरून तसं स्पष्ट सांगणं होतं. त्याचा तरी काय इलाज?

"मग तुमच्या सहीनं लिहा."

"माझ्या सहीला कोण विचारतो, मॅडम?" तो खरं तेच बोलला.

"माझा शिक्का परत द्या."

तो अगदी मऊपणे म्हणाला, की शिक्का कंपनीनं करून घेतलाय, रजिस्टरला आहे. आणि सही बाईंनी स्वतःच्या हातानं दिली होती, त्याला आठवतं, किती खूश होत्या त्या.

त्या दुपारी बाई शेडमध्ये गेल्या. वाचून दाखवायला पत्र नव्हतं, कार्ड होतं. सुब्बारावनं वाचलं, हात पुसले आणि पुन्हा वाचलं.

"तुमची सही आहे," तो म्हणाला.

"दिसतंय मला."

"मी लिहून दिलं होतं पितळीच पाहिजे म्हणून. माझा कागद फायलीत कुजला. तुमचा गावोगाव पोचला. नशीब एकेकाचं." एवढं बोलून त्यानं कोपऱ्यातला पितळी दांडा उचलला आणि लेथ चालू केली. संध्याकाळपर्यंत एक बुश तयार झालं, सोबत कागदावर चित्र. "तिथला कुणीही मेस्त्री बसवेल. पण टपालानं नका पाठवू. तुमच्या नावाचं टपाल आता कोण उघडेल?"

रविवारी बाई बसनं चिंतामणीला गेल्या, तिथून दुसऱ्या बसनं गुंडहळ्ळीला. तीस वर्षांत त्यांनी कारखान्याच्या फाटकाबाहेर, मातीत उभा असलेला आपला ट्रॅक्टर बघितला नव्हता. शिवाप्पाच्या घरासमोर होंगेच्या, म्हणजे करंजाच्या, झाडाखाली तो उभा होता. स्वच्छ धुतलेला, चाकांनासुद्धा माती नाही. कामावरची गाडी अशी कुणी धूत नाही, एवढं बाईंना कळत होतं.

वाटेत त्यांनी बोलणी खायची तयारी केली होती. काय म्हणेल, कसं म्हणेल, आपण काय म्हणायचं. म्हशीचं उत्तरसुद्धा जुळवून ठेवलं होतं. शिवाप्पा बाहेर आला. साठीचा, काटक, टॉवेल खांद्यावर. बाईंनी नाव सांगितलं. त्यानं हात जोडले.

"बन्नि, बन्नि. बसा, मॅडम. ऊन फार आहे."

मॅडम. बाई खाटेवर बसल्या. पाणी आलं, मग ताक आलं. पावसाची चौकशी झाली, बेंगळुरूच्या रहदारीची झाली. बाईंनीच शेवटी लिफ्टचा विषय काढला.

"काही तक्रार नाही," शिवाप्पा म्हणाला. "चाललंय."

"नांगर खाली बसतो ना?"

"बसतो. आमच्या वापरण्यात दोष असेल."

टोमणा असता तरी बाईंना बरं वाटलं असतं. तो तलाठ्याशी बोलावं तसा बोलत होता. बाई म्हणाल्या, ते कार्ड मी लिहिलेलं नाही. शिवाप्पा आत गेला आणि एक तार घेऊन आला. तारेत तेरा कार्डं ओवलेली होती, गावातल्या तेरा गाड्यांची. त्यानं ती खाटेवर ठेवली.

"ही सही तुमची नाही?"

बाईंनी बघितलं. शेपटी, गिरकी. तेरा वेळा.

"माझीच आहे."

मग त्यांनी सगळं सांगितलं. शिक्का, पाच सह्या, चौथी निवडली तेसुद्धा. शिवाप्पानं ऐकून घेतलं.

"अक्का," तो म्हणाला, त्या दिवसात पहिल्यांदा. "कंपनी खोटं बोलते, त्याचं काही वाटत नाही. कंपनीच ती. पण मी तीन वेळा गाडी घेतली ती कंपनी बघून नाही घेतली. चिंतामणीचा दुकानदार दुसरी गाडी दाखवायचा, तर मी विचारायचो, बिघडली तर पत्र कोण लिहिणार? तो गप्प बसायचा. गावातल्या बाराजणांनासुद्धा मी तेच सांगितलं. आता ते बारा मला विचारतात, शिवाप्पा, तुझी अक्का काय म्हणते?"

बाईंनी पिशवीतून बुश काढून त्याच्या हातावर ठेवलं. त्यानं ते उजेडात फिरवलं, आतून बोट घालून बघितलं. हात कसबी होता, माल ओळखत होता. छान झालंय म्हणाला. आणि परत बाईंच्या तळहातावर ठेवलं.

"माझ्या एकट्याचा नांगर वर राहिला, तर बाकीच्यांना मी तोंड कसं दाखवू?"

"तेरा करून आणते. सुब्बाराव करून देईल."

"आणि पुढच्या गावाची?"

बाईंनी बुश पिशवीत परत टाकलं. दसऱ्यानंतर तेराही गाड्या देऊन टाकायच्या, सगळ्यांनी मिळून दुसऱ्या घ्यायच्या, असं ठरलं होतं. त्यानं ते लग्नाची तारीख सांगावी तसं सांगितलं.

"मला बोला तरी, अण्णा," बाई म्हणाल्या. "म्हैस म्हणा. काहीही म्हणा. कोऱ्या तोंडानं नका पाठवू."

"घरी आलेल्या पाहुण्याला कोण बोलतं?"

निघताना त्याच्या बायकोनं त्यांना हळदकुंकू लावलं, ओटीत नारळ, विड्याची पानं आणि ब्लाउजपीस घातलं. कशाची म्हणून कमी नव्हती. बस येईपर्यंत शिवाप्पा शेजारी उभा राहिला आणि बस आल्यावर त्यानं पुन्हा हात जोडले.

त्यानंतर पत्रं भराभर कमी झाली. जुलैत दोनशे, ऑगस्टमध्ये साठ. सप्टेंबरात चार. बाईंनी अजितला सांगून बघितलं, की साहेब, माणूस भांडतो तोवर तो आपला असतो, ही चार म्हणजे ते गेले. अजितनं तक्ता पुढं केला. रेष कशी सुंदर उतरत गेली होती. "मॅडम, तुम्ही ना, फार निगेटिव्ह विचार करता. लोकांचं समाधान झालंय." मुख्य कचेरीनं त्या तक्त्याला ढाल दिली.

त्या वर्षीची आयुधपूजा बाईंच्या नोकरीतली शेवटची होती. सकाळी सगळे जमले. पोतं आलं नव्हतं. एकही पुडी नव्हती. केळीच्या सोपाची तर नाहीच. बाई रिकामं ताट घेऊन पहिल्या ट्रॅक्टरसमोर उभ्या राहिल्या, तेव्हा अजितनं हसत हसत खिशातून कुंकवाची डबी काढली. दुकानातली, प्लॅस्टिकची, कोरी. "मी लक्षात ठेवलं होतं, मॅडम." बाईंनी त्यातलं कुंकू लावलं. सुब्बाराव दुसरीकडे बघत होता.

मग निरोपाचं भाषण झालं. तीस वर्षांची सेवा, ग्राहकांशी जिव्हाळा, तीनशेवरून चारवर आलेल्या तक्रारी. अजितनं लाकडी चौकट बाईंच्या हातात दिली. पॉलिश केलेली, पितळी पट्टीवर नाव कोरलेलं, आणि मधोमध स्क्रूनं घट्ट बसवलेला तो शिक्का.

"आता याची गरज उरली नाही," तो अभिमानानं म्हणाला. टाळ्या वाजल्या.

बाईंनी घरी येऊन ती चौकट तुंगाबाईंच्या शिलाई मशीनवर ठेवली. मग तेरा आंतर्देशीय पत्रं घेऊन बसल्या. प्रत्येकात तेच, पण प्रत्येकात वेगळं लिहिलं, हातानं. लिफ्टमधलं बुश फायबरचं आहे. दोष यंत्रात आहे, तुमच्यात नव्हता, कधीच नव्हता. पितळी बुश असं करून घ्या. खाली सुब्बारावचं चित्र. शिवाप्पाच्या पत्रात एक ओळ जास्त: हे मी सही देण्याआधी विचारायला हवं होतं.

सही करायला हात गेला आणि पहिल्याच वळणावर थांबला. बाईंनी पेन खाली ठेवलं. देव्हाऱ्यापुढची कुंकवाची कोयरी ओढली, दोन थेंब तेल घातलं, डाव्या हाताचा अंगठा त्यात बुडवला आणि पत्राखाली उठवला.

तुंगाबाई बघत राहिल्या. "मॅट्रिक झालेली बाई तू, आणि अंगठा?"

"सही त्यांनी बघितलीय, तुंगे."

तेरा पत्रं, तेरा अंगठे. बाईंनी ती स्वतः चौकातल्या पेटीत टाकली.

उत्तर आलं नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली. तीन वर्षं झाली, कारखानाही गेला. दुपारी पोस्टमनच्या सायकलची घंटा वाजली की वसुमतीबाई अजून उंबऱ्यापर्यंत येतात. आधी तो थांबून "इल्ला, अम्मा" म्हणायचा. आता लांबूनच मान हलवतो आणि पुढच्या घराकडे वळतो.